'चमत्कारिक' स्वप्न की 'अतिवास्तव'? आणि ते पडतं की पाहतात?

शीवची वाचक: दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. कथेतली बाई सकाळी नवऱ्याला सांगते की स्वयंपाकघरात समुद्र आला होता आणि ती त्यातच भांडी विसळत होती. मी लिहिलं, "मला काल चमत्कारिक स्वप्न पडलं." संपादकांनी ते खोडून "मी काल एक अतिवास्तव स्वप्न पाहिलं" असं केलं. 'चमत्कारिक' म्हटलं की चमत्कार आठवतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी तर विक्षिप्त पाहुण्यालाही चमत्कारिक म्हणतात. मूळ शब्द 'सर्रियल' आहे. काय ठेवू?

गिरगाव_तिसरा_मजला: चमत्कारिकच ठेवा. आंद्रे ब्रेतोंनी 1924 साली जाहीरनामा काढला त्या चळवळीला आपण अतिवास्तववाद म्हणतो. चित्रांबद्दल लिहिताना तो शब्द चालतो, दात घासता घासता नवऱ्याशी बोलताना नाही. पण मला जास्त खुपतं ते 'पाहिलं'. हे सरळ हिंदीतून आलंय. मराठीत स्वप्न पडतं. पाऊस पडतो, चांदणं पडतं, प्रश्न पडतो, भूल पडते, विसर पडतो. आपल्या हातात नसतं ते पडतं. पाहायचं ते म्हाडाच्या सोडतीत घर लागण्याचं स्वप्न.

पार्ले_पूर्व: 'पाहिलं'वर हिंदीचा शिक्का मारू नका. मांडूक्य उपनिषदात गाढ झोपेची व्याख्याच 'न कञ्चन स्वप्नं पश्यति' अशी आहे, म्हणजे जिथे माणूस कुठलंही स्वप्न पाहत नाही ती सुषुप्ती. मुळात 'स्वप्न' हा 'स्वप्' म्हणजे झोपणे या धातूतला शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ नुसती झोप असाही होतो. ग्रीक 'हिप्नोस' आणि लॅटिन 'सोम्नस' ही त्याचीच भावंडं.

गिरगाव_तिसरा_मजला: उपनिषद संस्कृतात आहे, ही बाई मराठीत बोलतेय! मला झोप लागते, मला स्वप्न पडतं, मला जाग येते. रात्रभर सगळं 'मला'. मग मी उठतो, मी चहा टाकतो. 'मी' सकाळीच सुरू होतो. 'मी स्वप्न पाहिलं' म्हटलं की झोपलेल्या माणसाच्या गळ्यात नसतं कर्तेपण पडतं.

वेसावकर: आमच्या घरात 'सपान परलं'. आजी अशा स्वप्नाला 'भलतं सपान' म्हणायची आणि ते माणसाला सांगायच्या आधी पाण्याला सांगायची. पहाटे नळाला पाणी आलं की मोरीत उकिडवी बसायची, धार तळहातावर घ्यायची आणि ओठ हलवायची. आवाज ऐकू यायचा नाही. हात झटकून उठली की मग चहा. माझं मत 'भलतंच'ला.

पार्ले_पूर्व: 'भलतंच'मध्ये नकार येतो, काहीतरी नको ते घडल्यासारखा. समुद्रात भांडी विसळणं वाईट कुठे आहे?

लालबाग_जुना: वडील 84 वर्षांचे. परवा सकाळी सांगत होते, "ट्राम आपल्या गॅलरीत येते. मी चढतो. कंडक्टर तिकीट देत नाही, दुधाचं कार्ड मागतो. चाळ आपलीच असते, पण आपली नसते." मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. म्हणजे साठ वर्षांवर झाली, आणि तरी 'येते', 'चढतो'. तेव्हापासून कान देऊन ऐकतोय. घरात सगळेच स्वप्न वर्तमानकाळात सांगतात. 'पडलं' एवढंच भूतकाळी, आतलं सगळं चालू.

शीवची वाचक: अगदी खरं! माझी मुलगीही "मी शाळेत असते, पण ती शाळा नसते" असंच सांगते. मूळ कथेत सगळा भूतकाळ आहे आणि मी तो तसाच ठेवलाय. आता तो अख्खा परिच्छेद वर्तमानात आणायचा का? संपादकांना काय सांगू?

गिरगाव_तिसरा_मजला: आणा. आणि 'पडलं' सोडू नका.

पार्ले_पूर्व: मूळ लेखिकेचा काळ बदलायचा अधिकार अनुवादकाला नाही.

वेसावकर: लालबागवाले, ती ट्राम कुठली होती हो?

लालबाग_जुना: आत्ताच विचारून आलो. म्हणाले, पाटी दादर टीटीची. पण उतरतो तर समोर गावची विहीर, आणि काठावर आई वाट बघत उभी असते.