मदत हवी आहे : मैत्रीवरच्या थ्रिलरचा उलगडा फुसका ठरतोय

मानसशास्त्रीय थ्रिलर कादंबरीचा दुसरा खर्डा संपादनासाठी हातात आहे. सुमारे 80,000 शब्द, चार मैत्रिणी, कॉलेजातलं एक गुपित. पहिला पाव भाग छान पकडतो, मग हवाच जाते.

मुख्य दोष निवेदनात आहे. निवेदिका 'मी' म्हणून बोलते, तिला गुपित पहिल्या पानापासून ठाऊक आहे, तरी मनातल्या मनातही ती फक्त 'ती रात्र' एवढंच म्हणते. ही लपवाछपवी पात्राची नाही, लेखिकेची आहे, आणि वाचकाला ते लगेच कळतं. शिवाय चौघी पहिल्यापासून एकमेकींवर खार खाऊन! मैत्रीच पटत नाही, तर विश्वासघात कसला?

दोन उपाय दिसतात. एक, गुपित एक तृतीयांशावरच फोडायचं. डॉना टार्ट यांच्या 'द सिक्रेट हिस्टरी'त (1992) खून मित्रांनीच केला हे सुरुवातीलाच कळतं, ताण 'का' आणि 'पुढे काय' यावर राहतो. पण मग शेवटचे 20,000 शब्द कशावर तोलायचे? दुसरा, गुपित माहीत नसलेल्या मैत्रिणीकडे निवेदन द्यायचं. त्यात अपराधभाव बाहेरूनच दिसेल, आणि तोच या कादंबरीचा जीव आहे.

तुम्ही कोणता निवडाल?

आणखी एक. वाचकाला गुपिताचा सुगावा देणारा खरा धागा आत्ता एकच आहे, तोही उलगड्याच्या आदल्या प्रकरणात. दुसरा साधा अर्थही लागेल असे आणखी दोन-तीन धागे नेमके कुठे पेरावेत?