सिगारेटच्या धुराने पिवळं पडलेलं घर बाळासाठी कसं स्वच्छ करावं? मदत हवी आहे

मृण्मयी_चिंचवड

नमस्कार. चिंचवडला माझ्या काकांचा जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके फ्लॅट आहे. काका मागच्या वर्षी गेले. एकटेच राहायचे आणि तीसेक वर्षं घरातच सिगारेट ओढायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून घ्यायचे. आता तो फ्लॅट आमच्याकडे आलाय आणि आम्हाला तिथे राहायला जायचंय. आमची मुलगी नुकतीच रांगायला लागली आहे. जे दिसेल त्याला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. म्हणून हा धागा.

भिंतीवरची फ्रेम काढली की मागे स्वच्छ पांढरा चौकोन दिसतो, बाकी भिंत चहाच्या रंगाची. पंख्याची पाती, ट्यूबलाइटची पट्टी, स्विचबोर्ड, सगळं चिकट. पावसाळ्यात बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर तपकिरी ओघळ येतात. हॉल बाबांनी उन्हाळ्यात रंगवून घेतला. रंगाऱ्याने जुन्या रंगावरच दोन हात डिस्टेंपर मारलं. पावसाळा सुरू झाला तसे पिवळे डाग वर आले, आणि वास होता तसाच आहे.

बेडरूमला अजून हात लावलेला नाही, तिथे ऑइल पेंट आहे. हॉलमध्ये पीओपीचं सीलिंग, खाली मोझॅकच्या लाद्या, ओटा कडप्प्याचा. काकांची सागवानी कपाटं आणि पुस्तकं मला ठेवायची आहेत. एका क्लीनिंगवाल्याने सांगितलं, ओझोन मशीन लावू, एका दिवसात वास जाईल. करावं का? आणि रंग पुन्हा द्यायचा तर आधी नेमकं काय करायचं?

सदाकाका_नाशिक

ताई, मी रंगकामाची कामं घेतो, म्हणून आधी तुमच्या हॉलचं सांगतो. सिगारेटच्या धुरातलं डांबर (टार) आणि निकोटीन यांचा थर पाण्यात थोडा थोडा विरघळतो. त्यावर पाण्यात कालवलेलं डिस्टेंपर मारलं की तो थर ओला होतो, रंगातून वर झिरपतो आणि वाळताना पृष्ठभागावर येऊन बसतो. दोनाऐवजी चार हात मारले असते तरी डाग आलेच असते. रंगाऱ्याला हा अनुभव नसेल, कारण आपल्याकडे पाण्याची ओल आणि स्वयंपाकघरातलं तेलकट यापलीकडे कुणी बघत नाही.

आधी भिंत धुवायची, मग डाग कोंडणारं प्रायमर, मग रंग. हा क्रम मोडू नका.

बेडरूमचं सोपं आहे, ऑइल पेंट धुता येतो. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड. हातात रबरी मोजे घाला, निकोटीन कातडीतून अंगात जातं. भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली तर घाण पाणी खालच्या कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि त्याचे पट्टे नंतर निघता निघत नाहीत. पाणी चहासारखं झालं की लगेच बदला. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसा, सोडा मागे राहिला तर प्रायमर धरत नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना मात्र सोडा लावू नका, सेक्शन काळे पडतात.

हॉलचं डिस्टेंपर धुतलं तर लगदा होऊन निघेल. ते ओलं करून पत्र्याने खरवडूनच काढायचं आहे, नवं आणि त्याखालचं जुनंही. मग लांबी (पुट्टी) भरून घ्या.

रसायन_प्रेमी

धुण्याच्या सोड्याबद्दल सदाकाकांशी सहमत, त्यात एक भर घालते. निकोटीन स्वतः अल्कधर्मी आहे. सोड्याने चिकट डांबर सुटतं, पण निकोटीनला आम्ल लागतं. आम्लात त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि मग ते पाण्यात सहज उतरतं. म्हणून सोड्याने धुऊन, साध्या पाण्याने पुसून झाल्यावर एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालू नका, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी.

तुमच्या घरात व्हिनेगर कुठे वापरायचं नाही तेही लिहिते. मोझॅकमध्ये संगमरवराची खडी असते आणि कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे. आम्लाने दोन्हींची झिलई जाते. तिथे फक्त साबणाचं पाणी आणि भरपूर साधं पाणी.

आणि हे कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं कोणतंही लिक्विड व्हिनेगरबरोबर कधीही वापरू नका. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

ओझोनला माझा स्पष्ट नकार आहे. ओझोन फुफ्फुसांना इजा करतो आणि भिंतीवरच्या निकोटीनशी त्याची क्रिया होऊन हवेत अतिसूक्ष्म कण तयार होतात. वास कमी झाल्यासारखा वाटेल, पण थर जागेवरच राहील. धूप आणि रूम फ्रेशनरचंही तेच.

बाळाची_आजी

मृण्मयी, डाग आणि वासापेक्षा लेकीचा विचार आधी केलास, बरं वाटलं. माझा नातू लहान असताना मी यावर बरंच वाचलं होतं. धूर विरल्यावरही भिंतींवर, सामानावर आणि धुळीत जे उरतं त्याला थर्डहँड स्मोक म्हणतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या जॉर्ज मॅट यांच्या गटाने 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट ओढणारे भाडेकरू सोडून गेलेली घरं सरासरी दोन महिने रिकामी होती, साफसफाईही झालेली होती. तरी तिथल्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन सापडलं, नव्याने राहायला आलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही सापडलं. 2010 मध्ये अमेरिकेतल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं की भिंतीवरचं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगाशी संबंध असलेले नायट्रोसामाइन तयार करतं. हे नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून आणि गाड्यांच्या धुरातूनही येतं, म्हणजे आपल्या प्रत्येक घरात ते आहेच.

घाबरवायला लिहीत नाही. पण गाद्या, उशा, सोफ्याचा फोम आणि पडदे ठेवू नकोस, फोममधून ते निघत नाही. आणि घर पूर्ण होईपर्यंत बाळाला तिथे नेऊ नकोस, "फक्त बघायला" म्हणूनही नाही. काम करून आलात की कपडे बदलून, हात धुऊन मगच तिला घ्या.

मृण्मयी_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. गाद्या आणि पडदे काढतोय. हॉलचा नवा रंग खरवडायचा म्हटल्यावर बाबांना वाईट वाटलं, पण तुमचे प्रतिसाद वाचून दाखवल्यावर तेच पत्रा घेऊन यायला तयार झाले.

सदाकाका, डाग कोंडणारं प्रायमर दुकानात काय म्हणून मागायचं? पीओपीला पाणी लावायचं का? आणि बेडरूमचा ऑइल पेंट फार जुना आहे, तो घासायचा का? एसीचंही कुणी सांगा. कपाटं आणि पुस्तकांबद्दल तर नक्की सांगा. काकांच्या हातच्या खुणा आहेत त्यांत, टाकवणार नाहीत.

सदाकाका_नाशिक

दुकानात वॉल प्रायमर दोन जातींचं मिळतं. डब्ल्यूटी म्हणजे पाण्यात कालवायचं आणि एसटी म्हणजे टर्पेंटाइनमध्ये. तुम्हाला एसटीच हवं. दुकानदार डब्ल्यूटी पुढे करेल, कारण आता सगळे तेच नेतात. पाण्याचं प्रायमर लावलंत तर हॉलची गत पुन्हा होईल. लाखेचं प्रायमर मिळालं तर आणखी चांगलं, वासही तेच जास्त चांगला कोंडतं.

पीओपीला पाणी लावू नका, ते मऊ पडतं. कोरड्या फडक्याने पुसून थेट एसटी प्रायमरचे दोन हात द्या. या प्रायमरचा वास उग्र असतो आणि ते पेटतं लवकर. खिडक्या सताड उघड्या ठेवा, शेगडी बंद ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे काम आता करू नका. ओल्या भिंतीवर एसटी प्रायमर मारलं तर पापुद्रे निघतात. बाथरूमच्या भिंतीला ओल आहे का ते आधी प्लंबरकडून बघून घ्या. धुण्या-खरवडण्याचं काम पावसात चालेल, प्रायमर मात्र दसऱ्यानंतर, भिंती सुकल्यावर. आधी कोपऱ्यात फूटभर जागेवर प्रायमर आणि रंग मारून आठवडाभर ठेवा. डाग वर आला नाही तर पुढे चला.

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरात वापरायच्या रंगांत शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) घेऊन ओलं ठेवूनच हलकं घासा आणि तो चिखल पुसून पिशवीत भरून टाका. लहान मूल आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

रसायन_प्रेमी

एसीचे फिल्टर नवे घ्या आणि आतलं कॉइल फोम लावून जेट पंपाने धुऊन घ्या. तरी वास आला तर एसी बदला, कारण तो तीच हवा रोज खोलीभर फिरवणार. स्विचबोर्ड मेन बंद करून ओलसर फडक्याने पुसा. इतकी वर्षं पिवळे झालेले स्विच बदलणं स्वस्त पडतं.

कपाटांचं बाहेरचं पॉलिश पुसून निघेल. मुरतं ते आतल्या कच्च्या लाकडात, फळ्यांच्या खालच्या बाजूला आणि पाठीच्या प्लायला. कपाट रिकामं करा, व्हिनेगरच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून दोन दिवस उघडं ठेवा, मग आतून सगळीकडे चपडा लाखेचं पॉलिश मारून घ्या. सुतार लगेच समजेल.

पुस्तकांची कव्हरं कोरड्या फडक्याने पुसा. मग झाकणाच्या डब्यात पुस्तकं उभी, पानं जराशी उघडी ठेवून, शेजारी खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी. काही आठवडे राहू द्या, सोडा मधूनमधून बदला. वास बराच कमी होतो. कागदात मुरलेलं निकोटीन पूर्ण निघत नाही, म्हणून ती पुस्तकं काचेच्या दाराच्या कपाटात, बाळाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा आणि वाचून झाल्यावर हात धुवा. टाकायची मुळीच गरज नाही.

बाळाची_आजी

राहायला गेल्यावरही पहिले काही महिने फरशी रोज ओल्या फडक्याने पूस. कोरडा झाडू धूळ उडवतो. आणि अधूनमधून पांढरं सुती फडकं व्हिनेगरमध्ये पिळून दारांच्या चौकटी, खिडकीच्या कडा आणि पलंगामागची भिंत पुसून बघ. फडकं पिवळं आलं, तर ती जागा पुन्हा धुवायची.