सल्ला हवा आहे: जुन्या जपानी छापचित्रांच्या शैलीतला टॅरो संच

इंद्रायणीकाठ:
मंडळी, भाचीला पुढच्या महिन्यात एकविसावं लागतंय. चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांचा नाद लागलाय. माझा भविष्यावर काडीचा विश्वास नाही, पण तिची पानं चाळायला मलाही आवडतात हे कबूल. तिच्या खोलीत जपानी चित्रकार होकुसाईची लाट लावलेली आहे, म्हणून उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांच्या जुन्या जपानी छापचित्रांच्या शैलीतला संच द्यावा म्हणते. बजेट तीनेक हजार.

परवा एका साइटवरून सहाशे रुपयांत एक मागवला, तर फजिती झाली. पुस्तिकेच्या जागी क्यूआर कोड, पानं लग्नपत्रिकेच्या आतल्या कागदासारखी लुळी, आणि 'जपानी' म्हणजे काय, तर प्रत्येक पानावर बशीएवढ्या डोळ्यांची मुलगी आणि चेरीच्या पाकळ्या. परत केला. नेमकं काय बघून घ्यावं?

उंटावरचा:
तीन हजारांत चांगले ब्रश येतील की! एकविसाव्या शतकात पत्ते पिसून भविष्य बघायचं म्हणजे कमाल आहे.

इंद्रायणीकाठ:
@उंटावरचा, ब्रश तिच्याकडे माठभर आहेत. भविष्याचा वाद दुसऱ्या धाग्यावर घालू, तिथे मी तुमच्याच बाजूने असेन.

नऊवारी_इन_जर्सी:
माझ्याकडे कोजी फुरुता यांनी चित्रं काढलेला 'उकियोए टॅरो' आहे. प्रकाशक यूएस गेम्स सिस्टिम्स, पानं ७८. जुनी चित्रं कापून चिकटवलेली नाहीत, त्या शैलीत नव्याने काढलेली आहेत. मी तो भविष्य बघायला नाही, चहा पिता पिता चाळायला वापरते. भारतात कुणाकडून मागवलात तर कस्टम्सचं आधी विचारा. मी पुण्याला एकदा एक संच पाठवला, तर आईला दारात पैसे भरावे लागले आणि वर मलाच बोलणी बसली.

आणखी एक. भाची अजून शिकत असेल तर लहान पानं आधी बघून घ्या. टॅरोत २२ मोठी पानं (चंद्र, मनोरा, मृत्यू अशा नावांची) आणि ५६ लहान; मोठं-लहान आकाराने नव्हे. कित्येक संचांत लहान पानांवर नुसती चिन्हं मोजून काढलेली असतात, पाच पेले, सात तलवारी. प्रसंगचित्र असेल तर अर्थ लावायला सोपं जातं. विक्रेत्याकडे दोन-चार लहान पानांचे फोटो मागायचे, लाजायचं नाही.

ठसेवाली:
धागा उशिरा पाहिला. मी लाकडी ठशांवरून छपाई करते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

किमोनो, पंखा, फुजी पर्वत दिसला की झालं जपानी, असं नसतं. आधी रेषा बघा. उकियो-एमध्ये चित्रकार कागदावर रेखाटन करी, ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि या सगळ्यांना कामाला लावणारा प्रकाशक चौथा. रेषा चाकूने सोडवलेली असल्यामुळे ती मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. संगणकावर सगळीकडे सारख्या जाडीची काळी रेघ ओढली की माझ्या तर डोळ्यात खुपते.

दुसरं, रंग. प्रत्येक रंगाला साधारणपणे वेगळी फळी, त्यामुळे रंग सपाट बसतो आणि गालावर, कापडावर तैलचित्रासारखी छाया येत नाही. चढता-उतरता रंग हवा असेल तर फळीवरच ओल्या ब्रशने रंग विरवत नेतात. त्याला बोकाशी म्हणतात. उकियो-ए चित्रकार हिरोशिगेच्या आकाशात अगदी वरच्या कडेला गडद निळा पट्टा असतो ना, तोच. एकदा मी तसा पट्टा छापायला बसले. अकरा कागद वाया गेले, बाराव्यावर पट्टा नीट विरला आणि त्याच कागदावर माझ्या अंगठ्याचा ठसा उठला.

तिसरं, आकार. ओबान हा नेहमीचा मोठा कागद साधारण ३९ × २६ सेंमी. टॅरोचं पान साधारण १२ × ७ सेंमी, म्हणजे बरंच लहान आणि वर अधिक उभट. जुनं चित्र त्यात कोंबताना कडा छाटल्या जातात, कधी चित्रकाराची सही आणि शिक्केही जातात. म्हणून मुळात पानासाठीच रचलेलं चित्र असलेला संच घ्या. फुरुतांच्या संचाला माझं +१.

आता मला खरं सांगायचंय ते. भाचीकडे नेहमीचा १९०९ चा रायडर-वेट संच असेलच. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथची. ती १८९० च्या दशकात ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकली आणि तिथे तिला आर्थर वेस्ली डाऊ शिकवायला होता. हा माणूस जपानी छापचित्रांनी झपाटलेला. रेषा, सपाट रंग आणि उजेड-अंधाराची मांडणी यांवरच तो विद्यार्थ्यांना घडवायचा. आता ती पानं पुन्हा बघा: ठाशीव बाह्यरेषा, एकाच रंगाची सपाट आकाशं. 'टू ऑफ पेंटॅकल्स' काढा. माणूस दोन नाणी झेलतोय, आणि त्याच्या पाठीमागे लाटा केवढ्या उसळल्यात, त्यांवर जहाजं कशी वरखाली झालीत! पामेलाची सहीसुद्धा एकात एक गुंफलेली अक्षरं, मला तर ती बघून जपानी शिक्काच आठवतो.

म्हणजे जपान तिच्या हातात आधीपासूनच आहे, निम्माशिम्मा का होईना.

उंटावरचा:
हे माहीत नव्हतं. आता माझाही एक हातभार: टॅरो मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्याचं लचांड अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जोडलं गेलं. तेव्हा भाचीने नुसतं खेळायला घेतला तर आपली काही हरकत नाही.

रानमेवा_कुडाळ:
पत्त्यांचा विषय निघाला आणि आमच्या सावंतवाडीच्या गंजिफाचं नाव नाही? दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पानं, हाताने रंगवून लाखेचा लेप दिलेली. तिला तेही दाखवा. चित्रकलेची पोर आहे, खूश होईल.

अवांतर वाटेल, पण जपानशी नातं आहे. जपानला युरोपी पत्ते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नेले. त्यांचा पूर्वेकडचा सगळा कारभार गोव्यातून चाले आणि जहाजं मलाक्का, मकावमार्गे पुढे जात. पोर्तुगीज 'कार्ता'चं जपानीत 'कारुता' झालं. पुढे त्यातूनच हानाफुदा निघाला: १२ महिने, महिन्याला एक झाड किंवा फूल, प्रत्येकी ४ पानं, एकूण ४८. व्हिडिओ गेमवाली निन्टेन्डो १८८९ मध्ये क्योतोत सुरू झाली ती हीच पानं बनवायला. टॅरो बजेटबाहेर गेला तर हानाफुदा द्या. पानं काडेपेटीएवढी, पण ऑगस्टच्या गवतावरचा चंद्र बघाच.

इंद्रायणीकाठ:
वाचनखूण साठवली! काल भाचीकडे गेले तेव्हा आडून आडून तिचा संच मागून घेतला आणि ते दोन नाण्यांचं पान काढलं. लाटा आहेत! इतके दिवस मी त्या माणसाची उंच टोपीच बघत होते.

फुरुतांचा संच मागवतेच आहे, कस्टम्सचं विचारून. पण @ठसेवाली, एक खूळ डोक्यात शिरलंय. होकुसाई, योशितोशी या जुन्या छापचित्रकारांची चित्रं घेऊन २२ मोठी पानं मी स्वतः छापून घेतली तर? त्या कागद छाटण्याला तुम्ही नाकं मुरडाल हे गृहीत धरलंय.

ठसेवाली:
मुरडलं! पण करा. दोघांची चित्रं कॉपीराइटमुक्त आहेत. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून अशा चित्रांचे मोठ्या आकाराचे फोटो मुक्त केलेत, तिथून उतरवा. चंद्राच्या पानासाठी योशितोशीची १८८५ ते १८९२ मधली चंद्राची शंभर चित्रं आहेत, निवडता निवडता रात्र जाईल. मनोऱ्याच्या पानासाठी होकुसाईचं, फुजीच्या पायथ्याशी वीज कडाडतेय ते. मृत्यूच्या पानाला कुनियोशी या छापचित्रकाराचा अवाढव्य सांगाडा सगळेच सुचवतील, पण ते तीन कागदांवर पसरलेलं आडवं चित्र आहे. उभ्या पानात नुसती कवटी येईल आणि मजा जाईल. दुसरं शोधा.

कागद ३५० जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे चांगला जाड), मॅट लॅमिनेशन. चकचकीत अजिबात नको, दिव्याखाली काही दिसत नाही.

इंद्रायणीकाठ:
आणि कोपरे गोल कसे करायचे? कात्रीने?

ठसेवाली:
अहो, कात्री नको! अप्पा बळवंत चौकात कोपरे कापायचा हातपंच मिळतो. आधी रद्दी कागदावर हात बसवा, मग चांगल्या पानांना लावा.