एमएक्स-५: मागचं अलाइनमेंट पंधरा दिवसही टिकत नाही, मदत हवी आहे

मंडळी, गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर. दीड महिन्यात दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं आणि दोन्ही वेळा मागचं डावं चाक पुन्हा पहिल्यासारखंच झालं.

सरळ जाताना स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागतं. मागच्या डाव्या टायरची आतली कड झिजलीय, हात फिरवला तर करवतीसारखी लागते. आणि वळणात ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग बाहेर पळायला बघतो. याचीच मला खरी भीती वाटते. ही गाडी वळणात फार विश्वासाची होती हो.

कालचे आकडे: मागचं डावं चाक १५ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) टो-आउट, म्हणजे चाकाचं पुढचं टोक बाहेर वळलेलं; उजवं १० मिनिटं टो-इन, म्हणजे आत वळलेलं. म्हणजे दोन्ही चाकं डावीकडेच बघतायत, थ्रस्ट अँगल (मागची चाकं मिळून गाडीच्या मध्यरेषेशी करतात तो कोन) साडेबारा मिनिटं. स्टिअरिंग वाकडं राहतं ते यामुळेच, पुढच्या चाकांचा दोष नसावा. कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची कड आत) डावीकडे उणे १ अंश ५० मिनिटं, उजवीकडे उणे १ अंश १० मिनिटं.

मागे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मांवर धरलेलं. टो आणि कॅम्बर दोन्ही खालच्या आर्मच्या आतल्या बाजूच्या दोन एक्सेंट्रिक बोल्टांवर (फिरवले की आर्म सरकवणाऱ्या) बसवतात. डावीकडचा एक बोल्ट दोन्ही वेळा खूप जोर लावल्यावरच फिरला. आधीच्या मालकाकडे असताना हेच चाक कठड्याला आपटलं होतं, म्हणून आर्म वाकल्याची शंका येते. नवा आर्म मागवू का?

उत्तर: एवढ्यात मागवू नका. वाकलेला आर्म आकडा चुकवतो, पण तो चुकलेला आकडा स्थिर राहतो. तुमचा तर बसवल्यावर सरकतोय. जोर लावल्यावर बोल्ट फिरला, मला खटकतं ते हेच. जुन्या गाडीत हा बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून धरतो. मग बोल्टबरोबर नळीही फिरते आणि रबराला पीळ बसतो. मशीनवर आकडा बरोबर दिसतो, पण नट जरा जरी ढिला असला तरी रबर बोल्टला मागे ओढतं.

एक्सेंट्रिक वॉशरवरून सबफ्रेमपर्यंत (आर्म ज्याला जोडलेत त्या चौकटीपर्यंत) रंगाची एक सलग रेघ मारा आणि शंभरेक किलोमीटर चालवा. रेघ तुटली तर बोल्ट सरकतोय. रेघ जागेवर राहून टो बदलला, तर बुश फाटलंय किंवा सबफ्रेमचे बोल्ट ढिले आहेत. आणि नवं बुश घातलंत तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहील.

धागाकर्ता: मनापासून आभार. रेघ मारून चालवून आलो. मागच्या बोल्टावरची चांगली दोन मिलिमीटर सरकलीय, पुढच्या बोल्टावरची जागच्या जागी आहे. गंज सोडवणारं तेल तीन दिवस मारतोय, तरी नळी सुटत नाही, त्यामुळे बोल्ट कापावाच लागेल. उजवीकडचे दोन्ही अजून सहज फिरतात. तेही आत्ताच काढून ग्रीस लावून बसवू का?