मदत हवी आहे: ‘ब्लेड रनर’ नेमका कुठला पाहिला मी?

मंडळी, लातूरला हॉस्टेलवर असताना सीडीवर ‘ब्लेड रनर’ हा इंग्रजी पिक्चर पाहिला होता. हॅरिसन फोर्डचं निवेदन सारखं चालू, आणि शेवटी हिरो-हिरॉईन दोघं गाडीतून हिरव्या डोंगरांकडे जातात, हे पक्कं आठवतंय. परवा पोराला घेऊन पुन्हा लावला, तर निवेदन गायब, मधेच शिंगवाला पांढरा घोडा पळतोय, अन् लिफ्टचं दार लागलं की पिक्चर खलास! पोरगं मलाच हसतंय.

(पिक्चरमधला पाऊस मात्र तेवढाच. टँकरवर दिवस काढलेल्या माणसाला तो बघूनच गार वाटतं.)

म्हणजे मी आधी पाहिलेली १९८२ची मूळ आवृत्ती, बरोबर? मग ही नंतरची १९९२ची आवृत्ती की २००७ची? कशावरून ओळखायचं? आणि फिलिप डिकची १९६८ची मूळ कादंबरी, ती नावात विजेची मेंढी असलेली, मराठीत कुणी वाचलीय का?