बांधालगतचे ७ गुंठे, प्रतिकूल ताबा आणि जिल्हा न्यायालयातलं अपील

शिवार_कराड
नमस्कार मंडळी. कराड तालुक्यात लगतच्या दोन गटांचा वाद आहे. मोजणीत शेजाऱ्याचं ७ गुंठे अतिक्रमण निघालं. २०१४ ला ताब्याचा दावा झाला आणि हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) आमच्या, म्हणजे वादीच्या बाजूने लागला. आता प्रतिवादी अपिलात म्हणतो की १९९६ पासून वहिवाट आमचीच, १२ वर्षं उलटली, म्हणून प्रतिकूल ताब्याने मालकीही आमची. हे टिकेल का? जुने सातबारे आता दाखल करायची परवानगीही त्याने मागितली आहे.

दिवाणी_बाजू
अपिलाचा मेमो बाजूला ठेवा, आधी त्याची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) काढून वाचा. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे १२ वर्षं आणि कलम २७ प्रमाणे त्यानंतर मालकाचा हक्क संपतो, हे बरोबर. पण ही मुदत ताबा प्रतिकूल झाल्या दिवसापासून धावते, नुसती नांगरट सुरू झाल्यापासून नाही. कर्नाटक वक्फ बोर्डाच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काय काय हवं ते सांगितलंय: ताबा कोणत्या तारखेपासून, कशा स्वरूपाचा, समोरच्याला माहीत होता का, किती काळ, उघड आणि अखंड होता का. 'पूर्वापार वहिवाट' एवढ्यावर भागत नाही.

दुसरं, 'ही पट्टी आमच्याच गटातली' असाही बचाव असेल तर दोन्ही एकत्र चालत नाहीत. जमीन दुसऱ्याची, आणि त्याच्या हक्काविरुद्ध आम्ही धरून बसलो, असं म्हटल्याशिवाय प्रतिकूल ताबा उभाच राहत नाही. वाट्याने, खंडाने किंवा परवानगीने कसत असेल तर तो ताबा प्रतिकूल नव्हेच. भाऊबंद सहहिस्सेदार असतील तर हक्क उघडपणे नाकारल्याचा पुरावा लागतो.

सातबाऱ्यांबद्दल: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ खाली खालच्या कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला, किंवा पुरेशी खटपट करूनही तेव्हा मिळाला नाही, किंवा निकालासाठी अपील कोर्टालाच तो हवा, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. तलाठ्याकडे पडून असलेला उतारा 'आता सापडला' म्हणणं अवघड जातं.

मोजणी_गटबुक
उतारे आले तरी घाबरू नका. पीकपाहणी गटवार होते. त्या ७ गुंठ्यांत कोण कसत होतं हे गाव नमुना १२ वरून समजत नाही.

शिवार_कराड
कैफियतीत तारीख नाही, 'पूर्वीपासून' एवढंच आहे. पण मोजणी फक्त वादीच्या गटाची झालीय, आणि मोजणीदाराची साक्ष नाही.

मोजणी_गटबुक
खरा धोका इथेच आहे. हुकूमनामा पाडायला प्रतिकूल ताब्याची गरजच पडणार नाही, एवढं पुरेल. दोन्ही गट खात्रीच्या खुणांपासून मोजले गेले नाहीत, शेजाऱ्याला नोटीस गेली नाही, की अतिक्रमण किती हे सिद्धच होत नाही. जमीन एकत्रीकरणात (जुने सर्व्हे नंबर मिळून गट झाले तेव्हा) क्षेत्र किंवा नकाशा चुकला असेल तर जुन्या सर्व्हे नंबरची फाळणी (हिस्स्यांचा नकाशा) गटनकाशाशी ताडून पाहा. अपिलातच आदेश २६ नियम ९ खाली अर्ज द्या, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातला अधिकारी कोर्ट कमिशनर म्हणून दोन्ही गट मोजेल. मग त्याला साक्षीला बोलवा. नाहीतर प्रकरण खाली फेरचौकशीला परत जाऊन आणखी वर्षं जातील.

दिवाणी_बाजू
सहमत. हा अर्ज सातबाऱ्यांच्या अर्जाच्या सुनावणीआधी द्या. आणखी दोन गोष्टी. नुसत्या नोटिशीने १२ वर्षांची मुदत थांबत नाही, दाव्याने थांबते. म्हणून १९९६ ते २०१४ हा काळ त्याने पुराव्याने भरला तर आकडा त्याच्या बाजूने आहे, गाफील राहू नका. २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालानंतर असा ताबेदार स्वतः वादी म्हणूनही दावा लावू शकतो.

अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. आदेश ४१ नियम ५ प्रमाणे तसा वेगळा हुकूम नसेल तर ताब्याची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालू ठेवता येते. जिल्हा न्यायालयानंतर दुसरं अपील कलम १०० खाली, फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. सातारा-सांगलीची ती अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तिथे मोजणीच्या वस्तुस्थितीत कोर्ट सहसा शिरत नाही, त्यामुळे नकाशा आत्ताच नीट करून घ्या.