चाहत्यांचा जाच : आपले अनुभव लिहा

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द किंग ऑफ कॉमेडी’ (अमेरिकेत प्रदर्शन १९८३) विनोदी चित्रपटांत गणला जातो. परंतु होतकरू विनोदवीर रुपर्ट पपकिन हा जेरी लँगफर्ड या दूरचित्रवाणी कलाकाराच्या बंगल्यावर बोलावणे नसताना मैत्रिणीसह पाहुणचाराला पोहोचतो, तेव्हा हसावे की तोंड लपवावे, हेच कळत नाही. रस्त्यात फोनवर बोलणारी एक बाई लँगफर्डला आपल्या नातलगाशी बोलण्याचा आग्रह करते आणि नकार मिळताच त्याला कर्करोग होवो म्हणून तळतळाट देते. हा प्रसंग लँगफर्डची भूमिका करणाऱ्या जेरी लुईस यांच्यावर प्रत्यक्षात गुदरलेला होता. असे काही जवळून पाहिले असल्यास अवश्य लिहावे. कलाकारांची नावे मात्र देऊ नयेत.

नाट्यव्यवस्थापक

आमच्या नाटकाच्या दौऱ्यात एक गृहस्थ गावोगावी हजर असत आणि पडदा पडताच थेट रंगपटात शिरत. सुरुवातीला ते डिंकाचे लाडू आणत, पुढे नायकाने कोणते वाक्य कसे घ्यावे हे सुचवू लागले आणि अखेरीस स्वतःच्या एकांकिकेचे बाड त्यांनी त्याच्या हाती ठेवले. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळेत त्या बिचाऱ्याला धड जेवताही येईना, पण ‘रसिक मायबाप’ म्हणत वाढलेल्या माणसाला त्यांना ‘बाहेर थांबा’ म्हणणे जमत नव्हते. शेवटी ते मला सांगावे लागले. दुसऱ्याच दिवशी नायकाच्या डोक्यात हवा गेल्याची वार्ता गावभर झाली होती. लाडूंचा उल्लेखही त्या वार्तेत होता म्हणे.

मालिकेतील अभिनेत्रीची बहीण

वडिलांच्या अंत्यविधीलाही लोकांनी तिच्यासोबत सेल्फी मागितले. याहून अधिक लिहिवत नाही.

वाहिनीच्या कार्यालयातील माजी कर्मचारी

मला लँगफर्डच्या माणसांचाही थोडा दोष वाटतो. पपकिनची ध्वनिफीत ऐकून त्याच्या कार्यालयातील बाई त्याला अतिशय गोड शब्दांत आणखी तयारी करायला सांगतात. त्याला मात्र त्यात फक्त आशा ऐकू येते. आमच्याकडेही संहिता घेऊन येणाऱ्यांना ‘बघतो, कळवतो’ असेच सांगण्याची पद्धत होती आणि त्यांतील काही जण त्या शब्दावर विसंबून महिनोन्महिने खेपा घालत. सगळेच पपकिन नव्हते. बरेचसे साधे, भिडस्त लोक होते. मी एकाला स्पष्ट नकार दिला, तेव्हा तो रागावला नाही. उलट आता गावी परतायला मोकळा झालो, असे म्हणून संहिता परत घेऊन गेला. त्याबद्दल वरिष्ठांची बोलणी मात्र मला खावी लागली.